आमचं येड विकू नका, तारीख वाढवून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका दिवंगत चित्रकारावर अख्खं पान होतं. लेख मनापासून लिहिलेला होता, मी दोनदा वाचला, पण त्यातलं एक म्हणणं डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. लेखकाचं म्हणणं असं की त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणूनच त्याचे रंग तसे पेटले, गोळ्या खाऊन तो शांत झाला असता तर आपल्याला ती चित्रं मिळालीच नसती. साहेब, हे वाचून एखादा पोरगा आज रात्रीची गोळी घेणार नाही. मला माहितीय, कारण २०१३ ला मी असंच काहीतरी वाचून माझी गोळी बंद केली होती.

मी लातूरला राहतो. पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, दिवाळी अंकातली आतली चित्रं, कथेच्या नावाची अक्षरं, आणि संध्याकाळी एलिमेंटरी इंटरमिजिएटच्या पोरांचा ड्रॉइंगचा क्लास घेतो. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं आणि कधी पार उतरतं. २००९ ला निदान झालं, त्याच्या आधीपण असणारच पण तेव्हा आमच्या घरात त्याला 'डोकं गरम झालंय' एवढंच म्हणायचे आणि कांदा फोडून हुंगायला द्यायचे. म्हणजे कामाची बहुतेक वर्षं आजार आणि काम दोन्ही सोबतच चाललंय, आणि घर या कामावरच चालतं.

लोकांना वाटतं की त्या चढत्या दिवसात माणूस फार भारी काम करतो. एका वैशाखात मी पण तसंच समजत होतो. चार रात्री झोपलो नाही, चार रात्रीत ११ मुखपृष्ठं केली, त्यातली सहा तर कोणी मागितलेली पण नव्हती, पुण्याहून ३८ हजाराचे रंग मागवले ते पण मेव्हण्याकडून उसने घेऊन, आणि मला पक्कं वाटत होतं की हात माझा नाही, कुणीतरी धरून काढून घेतंय. माय रात्री तीनला उठून दारात यायची. काय करलालास रे बाबा, डोळे बघ कसे झालेत, झोप जरा. मी तिच्यावर ओरडायचो. तेरा दिवसांनी दवाखान्यात गेलो. ती चित्रं अजून माझ्याकडे ट्रंकेत आहेत. अकराच्या अकरा पिवळ्या आणि लाल रंगात बुडालेली, रंगावर रंग, ओला असतानाच परत रंग, त्यामुळं खाली कागद फुगलाय, आणि माणसांचे चेहरे सगळे सारखेच. प्रकाशकानं ती परत पाठवली आणि त्याचं बरोबर होतं.

त्या आधी तीन अमावास्या बाहेरचं बघणाऱ्याकडं गेल्या ते वेगळंच. लिंबू, अंगारा, उंबऱ्याला खिळा. मायला दोष देत नाही, तिला जे दिसत होतं त्याला तिच्याकडं तेवढंच नाव होतं. भूकंपाच्या वेळी मी तेरा वर्षांचा होतो, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, त्याच्यानंतर माझे वडील कितीतरी वर्षं घरात झोपले नाहीत, पावसात सुद्धा अंगणात पत्र्याखाली बाजंवर. पत्रे आले, धान्य आलं, नवीन घरं आली, पण बाबा तुम्ही आत का झोपत नाही हे त्यांना विचारायला कोणी आलं नाही. आमच्याकडं मनाचं दुखणं जुनंच आहे, फक्त ते कुणी दुखण्यात धरत नव्हतं.

चढ उतरला की उतार येतो आणि त्या उताराबद्दल कोणी लेख लिहीत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. माझा उतार बहुतेक वेळा श्रावण संपता संपता सुरू होतो, ढगाळ दिवस, चिकचिक, आणि नेमकं तेव्हाच दिवाळी अंकाचं काम. एक दुपार सांगतो. समोर कागद, बाजूला कथा छापून ठेवलेली, दोनदा वाचलेली. मी पेन्सिल टोकायला घेतली. टोक झालं तरी टोकतच राहिलो. काहीच मनात नव्हतं, दुःख पण नव्हतं, नुसतं ते लाकडाचं साल गोल गोल निघताना बघत होतो, आणि बायको क्लासची पोरं आलीत म्हणून सांगायला आली तेव्हा हातात बोटभर पेन्सिल उरली होती आणि मांडीवर सगळा भुसा. कागद कोरा. याच्यातून कुठली कला निघते ते मला कोणी तरी दाखवावं.

आता गोळीबद्दल, म्हणजे लिथियमबद्दल. मी खोटं सांगणार नाही, पहिलं वर्ष फार वाईट गेलं. रंग फिके वाटायचे, म्हणजे डोळ्याला दिसायचे पण आत काही हलायचं नाही. वजन वाढलं, तहान तहान व्हायची, आणि सगळ्यात मोठी भीती ही की आता आपण नुसते कारागीर राहिलो, आतला माणूस गेला. त्याच भीतीत २०१३ ला चार महिने गोळी सोडली, पुढं जे व्हायचं ते झालं, एका चांगल्या कादंबरीचं मुखपृष्ठ हातातून गेलं, क्लासची निम्मी पोरं दुसरीकडं गेली, मेव्हण्याचं आणि माझं बोलणं दोन वर्षं बंद. परत डॉक्टरांपुढं बसलो तेव्हा त्यांनी रागावण्याच्या ऐवजी मला एक गोष्ट सांगितली. लिथियमवर आयुष्यभर काम केलेले डेन्मार्कचे डॉक्टर होते, मोगेन्स स्काऊ. त्यांनी १९७९ मध्ये लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारलं की गोळीनं तुमच्या कामाचं काय झालं. १२ जण म्हणाले काम वाढलं, ६ म्हणाले काही फरक नाही आणि ६ म्हणाले कमी झालं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही त्या शेवटच्या सहातले असाल तर मला सांगा, आपण डोस बघू, वेळ बदलू, दुसरं औषध बघू, पण न सांगता बंद करू नका. मला हे फार पटलं, कारण त्यांनी त्या सहा जणांना लपवलं नाही. डोस बदलला, दोन वर्षं त्यातच गेली, आणि हळूहळू रंग परत आले. माझ्या ज्या मुखपृष्ठांचं लोक आज नाव काढतात ती सगळी त्याच्या नंतरची आहेत, रोजची गोळी चालू असतानाची.

डच चित्रकार व्हॅन गॉगचं उदाहरण प्रत्येक जण देतो, तुमच्या लेखातही होतं. मग पूर्ण सांगायला पाहिजे. मे १८८९ ते मे १८९० तो फ्रान्सच्या दक्षिणेला सँ रेमी गावच्या मनोरुग्णालयात होता आणि त्या एका वर्षात त्यानं साधारण दीडशे चित्रं केली. पण ती दोन झटक्यांच्या मधल्या दिवसात. झटका आला की त्याच्याच्यानं काम व्हायचं नाही, एकदा तर त्यानं रंगच तोंडात घातले म्हणून काही दिवस रंग त्याच्यापासून लांब ठेवावे लागले. तिथं त्याला झोपायला एक खोली होती आणि चित्रं काढायला वेगळी खोली दिलेली होती, वेळेवर जेवण होतं, बघायला डॉक्टर होते, आणि भाऊ थिओ पैसे आणि रंग पाठवत होता. मला त्या दीडशे चित्रांच्या मागं आजार दिसत नाही, ती जास्तीची खोली दिसते, भावाचे पैसे दिसतात. तरी तो गेलाच, तेव्हा असल्या आजारांवर आजच्यासारखं औषध नव्हतं. नॉर्वेच्या मुंक या चित्रकाराचं मात्र कोणी सांगत नाही. तो १९०८ ला कोपनहेगनच्या एका दवाखान्यात आठेक महिने राहिला, तिथून निघाल्यावर पस्तीस वर्षं चित्रं काढत राहिला आणि १९४४ ला ८० वर्षांचा होऊन गेला. काही जाणकार म्हणतात की आधीची चित्रं जास्त धारदार होती. असतील. पस्तीस वर्षं रोज उठून काम केलं हे मला जास्त मोठं वाटतं.

लिथियमनं हात थरथरतो. बारीक थरथर, बाकी कोणाच्या लक्षात येत नाही, चहाचा कप धरला की बशी वाजते तेवढीच. पण अक्षरं काढणाऱ्या माणसाला ती फार मोठी आहे कारण शिरोरेषा सरळ येत नाही. 'माती' लिहिताना वरची रेघ मातीच्या ढेकळासारखी व्हायची. डॉक्टरांनी थरथर कमी व्हायची एक छोटी गोळी दिली, तिनं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गंजगोलाईतल्या एका म्हाताऱ्या पेंटरनं केलं, फ्लेक्स यायच्या आधी अख्ख्या लातूरच्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. त्यांनी माझा हात बघितला, का थरथरतोय ते विचारलं नाही, आत जाऊन आपली जुनी काठी आणून दिली. दीड हाताची काठी, टोकाला चिंध्यांचा बोळा सुतळीनं आवळलेला. डाव्या हातानं काठी धरायची, बोळा कागदाच्या बाहेर टेकवायचा आणि उजवं मनगट काठीवर ठेवून ब्रश चालवायचा. सगळे पाटीवाले असंच करायचे, कारण उभ्या भिंतीवर चांगल्या माणसाचा हात पण हलतोच. गेली दहा-अकरा वर्षं माझी प्रत्येक शिरोरेषा त्या काठीवर हात टेकून काढलेली आहे.

लातूरच्या २०१६ च्या उन्हाळ्याबद्दल लिहायलाच पाहिजे कारण हे मराठवाड्यात राहून लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. नळाला महिना महिना पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला १० वाघिणी, ५ लाख लिटर, स्टेशनवर लोक हार घेऊन गेले होते, मी पण बघायला गेलो होतो. घरात दोन म्हातारी माणसं आणि लहान पोरगी, म्हणून मी माझं पिणं कमी केलं, दिवसाला तांब्या दोन तांबे. त्यात पाठ धरली होती म्हणून मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून आठ दिवस खाल्ली. लिथियम हा एक क्षार आहे, मिठाचा भाऊच म्हणा, ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ ला या आजारावर त्याचा उपयोग दाखवून दिला. अंगातलं पाणी आटलं की तो मूत्रपिंडातून नीट बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातो, आणि काही दुखण्याच्या गोळ्यांनी तर आणखी साठतो. मला आधी जुलाब लागले, मग हात थरथरायचा सोडून जोरात उडायला लागला, चालताना तोल जायला लागला, जीभ जड. शेजारच्यांना वाटलं दारू पिऊन आलाय. रक्तात लिथियम एकच्या आत पाहिजे होतं ते दोनच्या वर गेलं होतं. तीन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले अजून एक-दोन दिवस काढले असते तर अवघड होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात पाण्याची बाटली टेबलावर ब्रशच्या बाजूला असते, मीठ एकदम कमी करत नाही, निर्जळी एकादशी सोडली, मायनं त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, जुलाब-उलट्या झाल्या की आधी डॉक्टरांना फोन, आणि रक्ताची तपासणी, त्यात थायरॉईड किडनी पण, ठरलेल्या महिन्याला म्हणजे ठरलेल्या महिन्याला.

तर काम कसं टिकतं म्हणाल तर असं टिकतं. झोप पहिली. बायको कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रोज माझे झोपेचे तास लिहिते, ७, ७, ६, ७. सलग दोन रात्री पाचच्या खाली आकडा आला की ती मला न विचारता डॉक्टरांना फोन करते, हे आमचं मी बरा असताना ठरलेलं आहे आणि मी तेव्हा चिडलो तरी फोन होतो. दुसरं म्हणजे पेव. आमच्या आजोबांच्या वेळेला जवारी पेवात भरून ठेवायचे, दुष्काळ पडला की पेव उघडायचं. मी पौष ते फाल्गुन, जेव्हा डोकं सगळ्यात नीट असतं, तेव्हा रोज दोन-तीन रेखाटनं करून ठेवतो, कुठल्याच कथेसाठी नाहीत, बैल, एसटी स्टँड, वाळवण घालणाऱ्या बाया, बंद पडलेली मोट, आभाळ. भाद्रपदात नवीन सुचलं नाही तर पेव उघडतो आणि त्यातलं कथेला लागू पडेल ते घेऊन शाई करतो. शाई करायला सुचावं लागत नाही, हात लागतो. फारच वाईट दिवस असला तर नुसते ब्रश धुतो, स्कॅन करतो, पण टेबलापाशी बसतो. आणि क्लासची फी महिन्याच्या महिन्याला येते म्हणून चित्र आवडलं नाही तरी भाकरी थांबत नाही. नुसत्या मुखपृष्ठांवर राहिलो असतो तर गोळी असून सुद्धा मोडलो असतो असं मला वाटतं.

पण हे सगळं माझ्या बाजूनं झालं. काम देणाऱ्यांच्या बाजूबद्दल मला जास्त बोलायचंय. एकदा मी एका प्रकाशकाला खरं सांगितलं. सर, माझं मानसिक आजाराचं औषध चालू आहे, या महिन्यात जमणार नाही, पंधरा दिवस द्या. ते फार चांगलं बोलले, काळजी घ्या म्हणाले, आणि त्याच्यानंतर दोन वर्षं त्यांच्याकडून एकही पुस्तक आलं नाही. पुढच्या वेळेला दुसऱ्या एका संपादकांना मी टायफॉइड झालाय म्हणून सांगितलं. लगेच तीन आठवडे वाढवून मिळाले, वर फोन करून चौकशी, नारळपाणी घ्या, घाई करू नका. आजार तोच, दिवस तेवढेच मागितले होते. खोटं बोलल्याचं मला आजपण लागतं, पण माझ्यासारखे किती जण दरवर्षी टायफॉइड आणि कावीळ सांगून दिवाळी अंक पूर्ण करत असतील याचा तुम्ही संपादक लोकांनी एकदा विचार करावा. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ ला देशभर सर्वेक्षण केलं तेव्हा शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. पाचशे माणसांच्या संमेलनाच्या मांडवात पन्नास जण धरा, स्टेजवरचे पण त्यातच.

पैशाचं पण बोलतो. दिवाळी अंकाचं मानधन संक्रांतीनंतर येतं, कधी होळीला, कधी येतच नाही, मागायला फोन केला की आपणच ओशाळं व्हायचं. उतारात असलेल्या माणसाला तर तो फोन करणं डोंगर चढण्यासारखं असतं, तो फोन करत नाही, पैसे बुडतात, आणि पैसे बुडाले की औषध लांबतं. माझी गोळी महाग नाही, पण डॉक्टरची फी, तपासण्या, मायची बीपी-शुगर मिळून महिन्याचा आकडा होतो. एका वर्षी माझ्याकडं सात शाली जमल्या आणि चेक एक आला. सत्काराबद्दल मला आदर आहे, त्या शाली मायनं घडी घालून ठेवल्यात. पण त्या कार्यक्रमांच्या फुलांच्या खर्चात आमची तपासणी झाली असती.

आणि ज्यांना जमत नाही म्हणतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. माझा एक मित्र आहे, औसा तालुक्यातला, पखवाज वाजवतो, सप्त्याला त्याला आजूबाजूच्या चार तालुक्यात मागणी. त्याला माझाच आजार आहे. लिहिण्याआधी त्याला विचारलं, लिहा म्हणाला. सप्ता म्हणजे पहाटे काकडा, दिवसभर पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि मग रात्रभर हरिजागर. मृदंगवाला सगळीकडं लागतो. दोन वर्षं लागोपाठ सप्ता झाला की तो आजारी पडला, कारण या आजारात झोप मोडली की डोकं चढतं, त्याला दुसरं कारण लागत नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या बायकोनं जाऊन सप्त्याच्या कमिटीतल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याला सरळ सांगितलं, की यांना डोक्याचा आजार आहे, रात्री झोप पाहिजे. मी त्या संध्याकाळी तिथं होतो. मित्र मंदिराच्या ओट्यावर बसून पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावत होता, मान खाली. विणेकरी आले, बाजूला बसले, त्याच्या हातातल्या कणकीचा गोळा घेऊन स्वतः थापायला लागले आणि म्हणाले, महाराज, कीर्तन झालं की तुमी झोपा. जागराला निलंग्याचं पोरगं बोलवलंय. काकड्याला पण उठू नका, बिदागी हाय तेवढीच. एवढंच. कुठला ठराव नाही, चर्चा नाही. आता सात-आठ वर्षं झाली, तो त्या गावाला दरवर्षी वाजवतो आणि सप्त्यानंतर आजारी पडलेला नाही. आणि ते निलंग्याचं पोरगं जागर वाजवून वाजवून चांगलं तयार झालंय.

जे शिकलेल्या संपादक-प्रकाशकांना जमलं नाही ते त्या विणेकऱ्यांना कणीक थापता थापता जमलं. म्हणून माझी मागणी पण तेवढीच आहे. दिवाळी अंकाची कामं आषाढातच सांगा, भाद्रपदात नाही. तारीख देताना एक खरी तारीख आणि तिच्यानंतरची एक शेवटची तारीख ठेवा, तुम्ही तशी ठेवताच, फक्त आजारी माणसाला ती शेवटची तारीख सांगायचं मन करा. काम हातात आलं की महिन्याच्या आत पैसे. एखाद्यानं एकदा जमणार नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी त्याला परत विचारा, नाही म्हणणं त्याचं त्याला ठरवू द्या. संमेलनवाल्यांनी कविसंमेलन रात्री एकपर्यंत ओढू नये आणि ओढलंच तर ज्याला आधी वाचून जायचंय त्याला आधी सोडावं, मोठ्या कवीचा मान शेवटी असतो हे मला मान्य आहे पण काहींची झोप औषधाइतकी असते. पुण्यातले एक प्रकाशक गेली पाच वर्षं मला आषाढात फोन करतात, विचारतात यंदा किती झेपतील, मी म्हणतो तीन, ते तीनच पाठवतात. त्यांचं माझं एकही काम आजवर उशिरा गेलेलं नाही.

सरकारकडून मागायचं ते पण थोडक्यात. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, आमच्या आठ जिल्ह्यात त्यातलं एकही नाही. लातूरच्या, अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आणि संभाजीनगरला घाटी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहेत, तिथं उपचार स्वस्तात होतात, लोकांनी जावं, मी स्वतः पैसे नसताना वर्षभर सरकारीतच गेलोय. पण तालुक्याच्या गावातून दर महिन्याला येणं म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो, महिन्याची औषधं तालुक्यालाच मिळायला पाहिजेत. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन पन्नाशीनंतर मिळतं, चांगली गोष्ट आहे, पण हा आजार बहुतेकांना विशी-तिशीत धरतो आणि कलावंत टिकायचा की सुटायचा ते तेव्हाच ठरतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार २१ प्रकारात धरलेला आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की विमा कंपन्यांनी शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजाराला पण विमा द्यायचा. माझ्याकडं आलेला एजंट मात्र म्हणाला, ते लिथियमचं फॉर्मवर लिहू नका, अडचण येईल. मी लिहिलं. विमा मिळाला नाही. एकट्यानं भांडायची ताकद माझ्यात नाही, पण साहित्य परिषदा आणि कलावंतांच्या संघटनांनी सगळ्यांचा मिळून गट विमा काढायचा प्रयत्न केला तर बऱ्याच जणांचं काम होईल.

ज्याला हे वाचताना आपलंच वाटतंय त्याच्यासाठी, टेलिमानसचा १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा फोन नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला नको ते विचार आले तर डॉक्टर उठलेला नसतो, हा नंबर लागतो. मी २०२३ च्या भाद्रपदात लावलेला आहे. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, जेवलात का. मी जेवलो नव्हतो.

पत्राखाली माझं नाव छापू नका ही विनंती. माझी स्वतःची लाज गेलेली आहे, पण भावाच्या मुलीची स्थळं बघणं चालू आहे आणि तिच्या वाटेत माझं पत्र यायला नको. तिचं लग्न झालं की मी हेच पत्र नावासकट परत पाठवीन.

पत्र फार लांबलंय, जागेसाठी कापावं लागेल याची कल्पना आहे. व्हॅन गॉग कापा, सरकारचं कापा, माझे दिवस कापा. उन्हाळ्यातलं पाण्याचं, विणेकऱ्यांचं आणि १४४१६ एवढं मात्र ठेवा.

आपला,
एक चित्रकार, लातूर